नांदेड : काठ आणि प्रवाह

शहरांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. माणसांवर, राजकारणावर, खाण्यापिण्यावर. शहराचा नकाशा हाही पिढ्यापिढ्यांनी रचलेला मजकूर असतो, त्याची समीक्षा मात्र क्वचितच होते. नांदेडचा नकाशा मला तसा वाचावासा वाटतो. मी धर्माबादचा, म्हणजे त्याच गोदावरीवर, पण नांदेडच्या खालच्या अंगाला. हे वाचन तटस्थ नाही.

वरवर पाहता हा नकाशा सोपा आहे. उत्तरेला आसना, दक्षिणेला गोदावरी, मधून रेल्वे. गाडीपुरा, इतवारा, वजिराबाद हे जुनं नांदेड रूळ आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात वसलंय. नंदगिरी किल्ला थेट नदीकाठावर आहे. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी इथंच देह ठेवला. पुढं महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान, सचखंड गुरुद्वारा उभा राहिला. बंदाघाट, नगिनाघाट, गोवर्धनघाट ही नावं ऐकली तरी शहर कुठं तोंड करून बसलं होतं ते कळतं.

१९००च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली आणि हे तोंड फिरलं. अमेरिकेत ओहायो नदीवरचं लुईव्हिल वसलं ते तिथल्या खडकाळ उतारामुळं. बोटींना तिथं माल उतरवावाच लागे. म्हणजे त्या शहराचा बाजारच नदीनं बसवला. आपल्या गोदावरीवर मालाच्या बोटींची अशी वाहतूक नव्हती. त्यामुळं रेल्वे येताच बाजार स्टेशनकडे सरकला आणि नदीच्या वाट्याला स्नान, पूजा आणि अंत्यविधी राहिले.

नंतर शहर दोन्ही अंगांनी वाढलं. रुळापलीकडे भाग्यनगर, तरोडा. नदीपलीकडे सिडको, हडको, एमआयडीसी, आणखी पुढं विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेज आणि १९९४पासून विद्यापीठ. जी नदी शहराची कड होती, ती शहराच्या पोटात आली. १९९७ साली महापालिका झाली तिचं नाव नांदेड-वाघाळा. त्या नावातल्या जोडरेघेच्या जागी प्रत्यक्षात गोदावरी वाहते.

२००८ हे या मजकुराचं मोठं पुनर्लेखन. गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा आणि जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा निधी एकदम आले. रस्ते रुंद झाले, पूल झाले, घाट बांधून निघाले. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. आज सिडकोतून वजिराबादला जाणारा माणूस ते रोज अनुभवतो. माझा आक्षेप त्यामागच्या दृष्टीला आहे. या सगळ्या रचनेत नदीकडे दोनच नजरांनी पाहिलं गेलं : ओलांडायची जागा आणि बसून पाहायची जागा. पूल आणि घाट. दोन्ही काठाच्या गोष्टी. नदी कुठून येते आणि इथून पुढं काय घेऊन जाते, हा प्रश्न मागंच राहिला.

प्रवाहाच्या बाजूनं वाचलं की नकाशा बदलतो. शहराच्या वर विष्णुपुरीचा शंकरराव चव्हाण प्रकल्प. पिण्याचं पाणी तिथून. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की काठावरच्या सखल वस्त्या धास्तावतात. आणि खाली, आमच्या तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत नाशिकच्या सोमेश्वरपासून आमच्या जिल्ह्यातल्या राहेरपर्यंतची गोदावरी प्रदूषित पट्टा म्हणून नोंदली आहे. नांदेड या पट्ट्यात येतं आणि राहेर नांदेडच्या खाली आहे.

बाभळीची क्षमता २.७४ टीएमसी. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे पुराचं मुबलक पाणी आमच्यासमोरून पोचमपाडकडे जातं आणि पाऊस सरल्यावर जी बारीक धार येते, तीच आम्हाला अडवता येते. त्या दिवसांत वर विष्णुपुरीनं पाणी धरलेलं असतं. नदीत मूळ पाणी जितकं कमी, तितका शहराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा. बाभळीवरून आंध्र आणि महाराष्ट्र भांडले, आता तेलंगण आहे. त्या भांडणात पाणी किती, हे बोललं गेलं. पाणी कसलं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

धर्माबाद ही मिरचीची बाजारपेठ. कॉलेज, दवाखाना, कचेरीसाठी आम्ही नांदेडला जातो आणि नांदेडचा नाला आमच्याकडे येतो. शहर आराखड्याची हद्द महापालिकेच्या शिवेवर संपते. नदीची संपत नाही. नांदेडचा पुढचा आराखडा चांगला की वाईट, हे मी नव्या घाटाच्या फरशीवरून ठरवणार नाही. त्याच्या पहिल्या पानावरचा नकाशा विष्णुपुरीपासून सुरू होऊन बाभळीपर्यंत येतो का, आणि प्रत्येक नाला नदीला मिळण्याआधी कुठं अडवून शुद्ध करायचा हे त्यावर दाखवलंय का, एवढं मी पाहीन.