कपाटाची किल्ली कुणाकडं?

पुस्तकावर बंदी म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यापुढं होळी येते. पेटलेली पानं, घोषणा, पोलिसांची गाडी. असलं काही घडलं की आपुन मोर्चा काढतो, आणि काढायलाच पायजे. पण शाळेत पुस्तक मारायला काडेपेटी लागत नाही. आपल्या खेड्यापाड्यात शाळेचं ग्रंथालय म्हंजे बहुतेक वेळा हेडमास्तरांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. त्याला कुलूप. किल्ली एकाच्या खिशात. कुणाचं पुस्तक आलं, कुणाचं गाळलं, हे गाव इचारत नाही अन् गावाला कुणी सांगत नाही. ज्या पुस्तकाचं नावच पोराच्या कानावर गेलं नाही, ते पोर ते मागणार तरी कसं? सगळ्यात स्वस्त बंदी ती हीच.

बाबासाहेबांच्या ग्रंथांचंच घ्या. सरकारनं ९ लाख प्रती छापायचं ठरवलं. कागद घेतला ५ कोटी ४५ लाखांचा. चार वर्षांत छापल्या ३३ हजार. ही बातमी नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘लोकसत्ता’नं छापली आणि डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन सरकारला जाब इचारला. कुणी बंदीचा हुकूम काढला नव्हता. कागद गोदामात पडून होता, एवढंच.

आता ‘रिडल्स’ आठवा. १९८७ साली शासनाच्या शिक्षण खात्यानं बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा चौथा खंड काढला. संपादक वसंत मून. त्यातल्या राम-कृष्णाच्या परिशिष्टावरून रान पेटलं. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत प्रत जाळली. मुख्यमंत्री होते आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. त्यांच्या सरकारनं परिशिष्ट गाळायची तयारी दाखवली. मग ५ फेब्रुवारीला मुंबईच्या रस्त्यावर लाखोंचा समाज उतरला. गटातटांत फुटलेले रिपब्लिकन पुढारी त्या दिवशी एका रस्त्यानं चालले. परिशिष्ट वाचलं. पण त्याच्याखाली टीप चिकटली: यातल्या मतांशी सरकार सहमत नाही, अशा अर्थाची.

या टिपेची समीक्षा करायला पायजे. ग्रंथ सरकारचा, संपादक सरकारनं नेमलेला, छापखाना सरकारचा, आणि मत मात्र परक्याचं! पाव्हण्याला घरात घेतलं, पण कपबशी येगळी ठेवली. आपुन रस्ता जिंकलो. पण त्याच रेट्यानं शाळाशाळांतलं कपाट उघडून ‘हा खंड इथं आहे का’ असं किती ठिकाणी इचारलं? मोर्चा संपला, बॅनर गुंडाळलं, कपाट जिथल्या तिथं.

आता जरा आपल्याच माणसांबद्दल. हे कडू आहे, पण लिहायला पायजे. अकरावीच्या एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं. संविधान गोगलगायीसारखं हळू चाललंय, वर बाबासाहेब, मागं नेहरू चाबूक घेऊन. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. राग खोटा नव्हता. ज्याच्या बापानं गावात फटके खाल्ले, त्याला चित्रातला चाबूक विनोदाचा वाटत नाही. पण त्या रागाचं पुढं काय केलं? पुण्यात विद्यापीठात सुहास पळशीकरांचं ऑफिस फोडलं. ते आणि योगेंद्र यादव या पुस्तकांचे मुख्य सल्लागार. दोघांनी आधीच राजीनामे दिले होते. पुढं सुखदेव थोरात समितीनं अनेक चित्रं काढायची शिफारस केली. एकट्या एम. एस. एस. पांडियन यांनी त्या समितीत वेगळं मत नोंदवलं.

दहा वर्षं गेली. २०२२ मध्ये त्याच एनसीईआरटीनं ओझं कमी करायच्या नावाखाली बारावीच्या पुस्तकातला जनआंदोलनांचा अख्खा धडा उडवला. त्या धड्यात काय होतं? दलित पँथर होती. नामदेव ढसाळांची कविता होती. आणि तो धडा असलेल्या पुस्तकाचे मुख्य सल्लागार कोण? तेच पळशीकर, तेच यादव. ज्यांनी आपला ढसाळ देशभरच्या वर्गांत नेऊन बसवला, त्यातल्या एकाचं ऑफिस आपल्या नावानं फुटलं. एकामुळं दुसरं झालं, असं मी म्हणत नाही. पण कात्री चालायची वाट आपुनही तुडवून मळवली, हे नाकारता येत नाही. आणि ढसाळ कापला गेला तेव्हा किती ऑफिसांवर आपले मोर्चे गेले?

बाबासाहेबांची वाट दुसरी होती. १९२५ साली दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ लिहिलं. टिळक-चिपळूणकरांची बदनामी म्हणून खटला झाला, जवळकर, केशवराव जेधे यांना शिक्षा झाली. १९२६ मध्ये अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणलं. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला आला, तेव्हा र. धों. कर्व्यांचे वकील कोण? बाबासाहेब. तो खटला ते हरले. एक बाजू ब्राह्मणेतरांची, दुसरी चित्पावनाची. दोन्ही पुस्तकांत आपल्या वाड्याचा प्रश्न नव्हता. तरी ते उभे राहिले.

पण सोबत म्हंजे शेपूट धरणं नव्हे. जेधे-जवळकरांनी महाडच्या लढ्याला पाठिंबा देताना अट घातली, ब्राह्मण नकोत. बाबासाहेबांनी ती धुडकावली. १९२८ च्या गिरणी संपात युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी बजावलं: आमच्या माणसांना विणकाम खातं खुलं करा, नायतर संपाला आमची साथ गृहीत धरू नका. मी गिरणीत राबतो, मला याचा अर्थ कळतो. एका खात्याच्या जिवावर संप टिकत नाही, आणि एका खात्याला दाराबाहेर ठेवूनही टिकत नाही.

मुखेडात हे कसं करायचं? सोबती समोरच आहेत. मातंग वस्तीला अण्णा भाऊंचा ‘फकिरा’ पायजे, ज्याची अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला आहे. लिंगायत घरांना बसवण्णांची वचनं पायजेत, आणि त्या वचनांचा अभ्यास करणाऱ्या कलबुर्गींना ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडात गोळी घातली हे त्यांच्या पोरांना कळायला पायजे. तांड्यावरच्या पोरांना आपल्या बोलीतली गाणी छापलेली पायजेत. मुसलमान मोहल्ल्याला फातिमाबी शेख पायजेत. आणि मास्तर? बदलीच्या भयानं गप्प बसलेले पुष्कळ मास्तर आतून आपलेच आहेत. त्यांना एकटं पुढं ढकलू नका, त्यांच्या मागं पालक उभे करा.

कायदा हाताशी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया आणि दुबळ्या घटकांना वाटा ठेवलाय. आपल्या आया त्या समितीवर अंगठ्यापुरत्या असतात. त्यांनी तोंड उघडलं की किल्ली हलते.

अटी तीनच. कपाटातल्या पुस्तकांची यादी भिंतीवर लागली पायजे. बैठकीत लेखी कारण दिल्याबिगर एकही पुस्तक निघता कामा नये. तिसरी अट आपल्यासाठी: आपल्याला झोंबणारं पुस्तक निघालं, तर ते काढा म्हणायचं नाही. त्याच्या शेजारी आपलं उत्तर ठेवा म्हणायचं. ही तिसरी अट पाळली तरच पहिल्या दोन मागताना लिंगायत, मातंग, मुसलमान शेजारी आपल्यावर भरवसा ठेवतील.

तेव्हा दोस्तांनो, येत्या बैठकीला आपल्या आईसोबत शाळेत जा. यादी मागा. नाही म्हणाले तर लेखी नाही मागा. जे मिळंल ते इकडं धाडा, पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू.