बनगरवाडीची राज्यघटना

राज्यघटना म्हटले की जाड पुस्तक, कलमे-उपकलमे आणि चष्मा लावलेले कायदेपंडित डोळ्यांपुढे येतात. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचावा असा हा विषय नव्हे, असे घरातली मंडळी म्हणतील. पण मी ज्या पुस्तकाविषयी लिहीत आहे ते पुष्कळांनी वाचलेले आहे. ते म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’. माणदेशचा उजाड माळ, मेंढरे, धनगरांची बोली यांसाठी टीकाकारांनी तिची वाखाणणी केली, ती योग्यच आहे. मात्र माणसे एके ठिकाणी बसून आपला कारभार आपण पाहू लागतात तेव्हा काय घडते, हे सांगणारी कादंबरी म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

तो मुलूख औंध संस्थानचा. संस्थान लहान, ७२ गावांचे. सूर्यनमस्कारांचे वेड असलेले, स्वतः चित्रे काढणारे भवानराव पंतप्रतिनिधी तिथले राजे. चिरंजीव अप्पासाहेब, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि गांधीजी यांच्या विचाराने त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली, ती २१ जानेवारी १९३९ रोजी. खाली गावाची पंचायत, तिच्यावर तालुका समिती, सर्वांत वर विधिमंडळ. आम्हां वऱ्हाडातल्या लोकांना ही गोष्ट कहाणीतली वाटते. आमच्याकडे नाव निजामाचे आणि अंमल इंग्रजांचा. राजा आपण होऊन सत्ता खाली ठेवतो हे पातूरच्या पारावर कोणाला खरे वाटले नसते.

जगात याचे जुने उदाहरण अमेरिकेचे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजावरच्या ४१ पुरुषांनी आपण एकविचाराने राहू असा करार केला आणि त्यावर सह्या केल्या. पुढे कनेक्टिकट नदीकाठच्या हार्टफर्ड, विंडसर आणि वेदर्सफील्ड या तीन गावांनी कारभाराचे नियम लिहून काढले. त्यांत इंग्लंडच्या राजाचे नावसुद्धा नाही! ती तारीख १४ जानेवारी १६३९. औंधाच्या आधी बरोबर तीनशे वर्षे, आणि महिनाही तोच. शाळामास्तरला अशा योगायोगाचा आनंद अंमळ जास्तच होतो. पण फरक आहे तो येथेच. तिकडे वस्तीने लिहिले, इकडे राजाने दिले.

आणि दिलेली वस्तू घेणाऱ्याची कधी होते? माडगूळकरांनी हा प्रश्न शब्दांत मांडलेला नाही, पण कादंबरीभर तो आहे. वाडीवर हुकूम चालतो तो म्हाताऱ्या कारभाऱ्याचा. त्याला कोणी मते दिलेली नाहीत. माणसे त्याचा शब्द मानतात, एवढेच. तिथे एक कोवळा मास्तर येतो. शाळा भरवतो, लोकांची पत्रे लिहितो, भांडणात पडतो आणि शेवटी तालीम बांधायची टूम काढतो. वाडी राबते. दादू बालट्यासारखा विरोध करणाराही असतो, तो असायचाच. माझ्या मते कादंबरीचा कणा या तालमीच्या बांधकामात आहे. हाताला काम लागले की ‘आपले’ या शब्दाला अर्थ येतो, आणि हा अर्थ लेखकाने एकही भाषण न घालता आणला आहे.

औंधाच्या घटनेत मत देणाऱ्याला लिहितावाचता यावे, हा गांधीजींचा आग्रह. म्हणजे स्वराज्याच्या दारात उभा कोण, तर मास्तर! मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनेही १६४७ मध्ये कायदा केला होता की, पन्नास घरांच्या गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस नेमावा. ‘बनगरवाडी’चा निवेदक शिक्षक आहे तो केवळ सोयीसाठी, असे मग म्हणवत नाही.

तक्रार आहे ती दोन ठिकाणी. तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात आणि वाडी हरखून जाते. तिथे लेखकही हरखला आहे. राबले कोण आणि मान कोणाला, हा चिमटा त्याने घ्यायला हवा होता. दुसरी गोष्ट शेकूच्या बायकोची. जोडीचा बैल नाही म्हणून ती स्वतः औताला खांदा देते. ते पान वाचून वर्गात माझा आवाज दरवेळी बसतो. पण वाडीची माणसे विचाराला बसतात तेव्हा ही बाई तिथे नसते. मेफ्लॉवरवरही सह्या पुरुषांच्याच होत्या. औताला चालते तिला बैठकीत जागा का नाही, हे माडगूळकरांनी दाखवले असते तर कादंबरी आणखी मोठी झाली असती.

शेवटाविषयी मात्र मला काही सुचवायचे नाही. कारभारी जातो, दुष्काळ येतो, माणसे मेंढरे घेऊन वाट फुटेल तिकडे जातात. कोणी कट केलेला नाही, कोणी कायदा मोडलेला नाही. पाणी नाही, एवढेच. औंधाची घटनाही १९४८ च्या मार्चमध्ये संस्थानाबरोबर मुंबई प्रांतात विरून गेली. तालीम बांधून उभी आहे, शाळेत मुले नाहीत आणि मास्तरच्या हातात बदलीचा हुकूम आहे. एवढे सांगून माडगूळकर थांबतात.