चोथ्याचे सोने आणि पाण्याचा हिशेब

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता आता हमखास भेटतो. डाव्या बाजूला आंब्याच्या साली, बाठे आणि संत्र्याचा चोथा, मध्ये एक बाण, उजव्या बाजूला तंतुमय बिस्किटे. वर ठळक अक्षरांत शीर्षक : ‘टाकाऊपासून टिकाऊ’. वृत्तपत्रांतील लेख आणि खरे सांगायचे तर आम्हा संशोधकांचे प्रकल्प-प्रस्तावसुद्धा बऱ्याचदा याच तक्त्याच्या मोठ्या आवृत्त्या असतात. तक्त्याची दोन्ही टोके खरी आहेत. आमची तक्रार आहे ती मधल्या बाणाबद्दल.

जे खरे आहे ते आधी मान्य करू. रस काढल्यावर संत्र्याचे जवळजवळ निम्मे वजन मागे उरते. आंब्याच्या साली आणि बाठे मिळून फळाच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी सहज भरतो. सालीतील व गरातील पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन यांच्या बनलेल्या असतात. आपल्या पाचकरसांतील विकरांना त्यांचे विघटन करता येत नाही, म्हणून त्यांना आहारातील तंतुमय पदार्थ म्हणतात. संत्र्याच्या वाळलेल्या सालीत २० ते ३० टक्के, तर सफरचंदाच्या वाळलेल्या चोथ्यात १० ते १५ टक्के पेक्टिन असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये या पदार्थाचे वर्णन केले. जॅम-जेली घट्ट करणारे पेक्टिन आजही प्रामुख्याने लिंबूवर्गीय साली आणि सफरचंदाचा चोथा यांतूनच काढतात. तेव्हा चोथ्याचा उपयोग ही कल्पना नवी नाही आणि खोटीही नाही.

पण कारखान्याच्या मागच्या दाराशी पडलेला चोथा हा मुख्यतः पाणी असतो. त्याचा हिशेब कोणताही दहावीचा विद्यार्थी करू शकेल. समजा, १०० किलो ओल्या चोथ्यात ८० टक्के पाणी आहे, म्हणजे घनपदार्थ २० किलो. पूड टिकण्यासाठी तिच्यात १० टक्केच पाणी ठेवायचे, तर पूड मिळेल सुमारे २२ किलो आणि ७८ किलो पाण्याची वाफ करावी लागेल. एक किलो पाण्याच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा सुमारे २२६० किलोज्यूल आहे. म्हणजे एकूण सुमारे १ लाख ७६ हजार किलोज्यूल झाले. पाणी तापवायला लागणारी उष्णता यात धरलेलीच नाही. सुक्या लाकडातून किलोमागे साधारण १५,००० किलोज्यूल उष्णता मिळते. त्यातली निम्मी वाया जाते असे मानले, तर २३ किलोहून अधिक लाकूड जाळावे लागेल. पुडीच्या वजनापेक्षा सरपण जास्त!

यावर ‘उन्हात वाळवा’ असे उत्तर मिळते. कोकणात आंब्याचा रस डबाबंद करण्याचा हंगाम मेमध्ये भरात येतो आणि जूनमध्ये पाऊस दारात उभा असतो. त्या दमट उष्म्यात साली काही तासांतच आंबू लागतात. ‘मग पिळून घ्या’ हा सल्ला अधिक चांगला आहे. पाण्याचे प्रमाण ८० वरून ६५ टक्क्यांवर आणले, तर वाफ करायचे पाणी ७८ किलोवरून ३५ किलोवर येते. परंतु चोथा सहज पिळला जात नाही, कारण पेक्टिन पाणी धरून ठेवते. ज्या गुणासाठी पूड विकायची, तोच गुण वाळवताना आडवा येतो. फ्लॉरिडा आणि ब्राझीलमध्ये रसाच्या कारखान्यांतील सालींना चुना लावतात. चुन्यातील कॅल्शियम पेक्टिनशी बांधले जाते, पाण्यावरची पकड सुटते आणि साली पिळता येतात. मात्र अशा साली जातात गुरांच्या खाद्यात. ज्यातून पेक्टिन काढायचे आहे, त्या सालीला हा उपाय चालत नाही.

दुसरा आक्षेप ‘तंतू’ या शब्दाबद्दल. तंतुमय पदार्थ हा काही एकच पदार्थ नव्हे. पेक्टिन पाण्यात विरघळून दाट द्रव होते आणि मोठ्या आतड्यातील जीवाणू त्याचे किण्वन करतात. सेल्युलोज जवळजवळ तसेच बाहेर पडते. दोघांचे काम वेगळे, पण वेष्टनावर दोघांचे ग्रॅम एकाच रकान्यात येतात. भारतातील २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम तंतू असले की घनपदार्थाला ‘तंतूंनी समृद्ध’ म्हणता येते. उरलेल्या ९४ ग्रॅममध्ये मैदा, साखर आणि वनस्पती तूप किती, याचे उत्तर त्या शब्दांत नसते.

डेनिस बर्किट यांच्या लेखनामुळे १९७० च्या दशकात तंतूंकडे जगाचे लक्ष गेले. त्यांनी आफ्रिकेत पाहिला होता तो अख्ख्या धान्याचा, कंदांचा, भाज्यांचा आहार. पूड घातलेले बिस्किट नव्हे. २००९ च्या कोडेक्स व्याख्येतही हा भेद आहे. अन्नातून वेगळे काढलेले तंतू शरीराला उपकारक आहेत, हे पुराव्याने दाखवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू सुचवले, तेही ‘नैसर्गिकरीत्या अन्नात असलेले’ असे म्हणून. वेगळ्या काढलेल्या तंतूंना ही परीक्षा पार करता येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये पेक्टिनला आणि २०१८ मध्ये सफरचंद-संत्र्यासारख्या फळांच्या पेशीभित्तिकांच्या तंतूंना मान्यता दिली. पण परीक्षा द्यावी लागते. सालीवरच्या कीटकनाशकांची तपासणी वेगळीच.

तरीही हे काम सोडून द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. सडत पडलेल्या सालींची दुर्गंधी आणि ओढ्यात जाणारे पाणी आम्हीही पाहिले आहे. पण फळातून तंतू काढून रस विकायचा आणि तेच तंतू बिस्किटात घालून पुन्हा विकायचे, या व्यवहाराला थेट आरोग्य म्हणू नये. घरी अख्खे संत्रे खाणाऱ्याला बाणाची गरजच नसते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. संत्र्याची किसलेली साल दोन समान भागांत घ्या. एकात शिक्षकांनी स्वतः, हाताला व डोळ्यांना जपून, चिमूटभर चुना मिसळावा. अर्ध्या तासाने दोन्ही भाग फडक्यातून सारख्याच वजनाखाली दाबा आणि निघालेले पाणी मोजा. मग उरलेली साल वाळवून तिचे वजन करा. पुढच्या प्रदर्शनात तक्ता जरूर लावा, पण बाणाखाली तीन आकडे लिहा : किती पाणी काढले, किती इंधन लागले आणि पूड किती मिळाली. परीक्षकांनी पहिला प्रश्न त्या आकड्यांवरच विचारावा.