रिकाम्या मथळ्यांचे गाव

मराठी विकिपीडियावर वऱ्हाडातल्या एखाद्या लहान खेड्याचे पान काढून पाहावे. गाव कोणत्या तालुक्यातले, कोणत्या जिल्ह्यातले, हे पहिल्या वाक्यात कळते. त्याखाली मथळे येतात : हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. हवामानाखाली तीन ऋतू सापडतात. उरलेल्या मथळ्यांखाली पुष्कळदा एक ओळही नसते. अकोट तालुक्यातले असे एक पान आणि मोर्शी तालुक्यातले दुसरे शेजारी ठेवून गावांची नावे बोटाने झाकली, तर कोणते कुठले ते मलाही सांगता येत नाही. माझा जन्म याच मुलखातला आणि मराठी शिकवण्यातच नोकरी सरली, तरीही.

निवृत्तीनंतर अकोल्यात बसून मी या पानांवर स्वयंसेवक म्हणून काम करतो. ही पाने वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही, त्यामुळे त्यांची समीक्षाही होत नाही. पण गावावरचे गद्य म्हणून आज सर्वांत आधी हाती लागते ते हेच. पुण्यात वाढलेली नात आजोबांच्या गावाचे नाव टाकते तेव्हा तिला हेच पान दिसते. म्हणून त्याचे दोष सांगितले पाहिजेत.

आधी श्रेय. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तेव्हापासून तो बिनपगारी माणसांनी चालवला आहे. त्यांची भाषेची जाणही कमी नाही. सगळ्यांनी जमून बोलायच्या पानाला त्यांनी ‘चावडी’ म्हटले आणि नवख्याने हात बसवायच्या पानाला ‘धूळपाटी’. ही नावे ठेवणाऱ्याला गाव माहीत होते. गावाच्या पानाला मात्र ते माहीत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

दोष साच्यात आहे. साचा आधी ठरतो आणि गाव त्यात बसवले जाते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. भूगर्भातले पाणी खारट, जमीन काळी आणि चिकट. विहिरीच्या पाण्यावर ओलीत करावे तर जमीनच बिघडते. इथे सोयरीक जुळवताना मुलीचा बाप पाण्याची चौकशी आधी करतो. याच पाण्याने इतिहासही घडवला आहे. समुद्र शेकडो मैल दूर असताना अकोला जिल्ह्यातल्या दहिहांडा येथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो खाऱ्या विहिरींच्या जोरावर. आता हे ‘हवामान’ या मथळ्याखाली लिहायचे की ‘नागरी सुविधां’खाली? साच्यात पाण्याला जागाच नाही. जे गाव पाण्यावरून ओळखले जाते त्याच्या पानावर उन्हाळा कडक असतो एवढेच आपण वाचतो.

एवढे लिहून थांबलो असतो तर दोष दुसऱ्यांवर टाकून मोकळा झालो असतो. पण माझ्या हातूनही एक प्रकार घडला.

माझे गाव या पट्ट्यातले, नाल्याकाठचे. गावात गोड्या पाण्याची एकच जुनी विहीर. ती आमच्या पणजोबांनी १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला आपण छप्पनचा दुष्काळ म्हणतो त्या साली, स्वखर्चाने खोदवली, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. तेच मी ‘लोकजीवन’ या मथळ्याखाली लिहिले. दुसऱ्या दिवशी मजकूर उडाला होता. संदर्भ नाही, एवढेच कारण. मी चिडलो. घरच्या माणसाला घरच्याच विहिरीचा दाखला मागणारे हे कोण?

दिवाळीत गावी गेलो तेव्हा हा राग बौद्धवस्तीतल्या एका म्हातारीपुढे बोलून दाखवला. ती म्हणाली, “हे कोनं सांगतलं बा तुले? ते विहीर आमच्या बुढ्यायनं खंदली. पाटलानं पायली पायली जवारी देल्ली. अन् पानी लागलं तवा आमाले वर चढू देल्लं नाही.” पैसा कुणाचा, यावर तिचे आणि माझ्या घराचे एकमत होते. माझ्या मजकुरात मात्र खोदणारे हात नव्हते, आणि पाणी लागल्यानंतरचे तर काहीच नव्हते. ज्याने ते वाक्य उडवले त्याला यातले काही ठाऊक नसणार. तरी त्याने गावावर उपकारच केला.

मग ‘छापील संदर्भ’ या नियमाला शरण जावे का? वऱ्हाडाचे पहिले गॅझेटियर लायल यांनी १८७० साली केले. अकोला जिल्ह्याचे १९१० साली आले, अमरावतीचे १९११ साली. त्यांत किल्ले, मंदिरे, गावांच्या नावांमागच्या दंतकथा आहेत. यातल्या कित्येक कुणाच्या तरी तोंडूनच आल्या, आणि सांगणारा बहुधा पाटील, पटवारी किंवा पुजारी. साहेबाने छापले म्हणून ते ऐकीव राहिले नाही. म्हातारीचे न छापलेले म्हणून ऐकीव ठरते. नियमाची ही बाजू मला अजूनही खटकते.

वाट याच मातीत सापडते. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी माणसे गाठून आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. लीळाचरित्र उभे राहिले ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या परिसरात. पुढे मूळ पोथी हरवली तेव्हा ती पुन्हा स्मरणातूनच जुळवावी लागली. स्मरणे एकसारखी नव्हती. महानुभावांनी त्यांतले एक खरे ठरवून बाकीची पुसली नाहीत; हिराइसेचे असे, अमक्याचे तसे, असे भेद ‘वासना’ म्हणून नावानिशी नोंदवले. चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ तर आजच्या गावपानांना लाजवील. स्वामी गावात कोणत्या देवळात राहिले, देऊळ कोणत्या दिशेला, दुसरे स्थान तिथून कुठे, अशी गावोगावची नोंद तिच्यात आहे. ती वाचून माणूस त्या जागेवर जाऊन उभा राहू शकतो. आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. तिथे विकीचे काम शिकवायचे ठरले तर पहिला धडा या पोथीचा असावा.

पण विकिपीडिया हा पोथीचा संप्रदाय नव्हे आणि तिथे नागदेवाचार्यही नाहीत. कुणीही उठून काहीही लिहू शकते, म्हणून तिथे छापील आधार लागतो हे मी आता मान्य करतो. तेव्हा काम पानाच्या अलीकडे सुरू करावे लागेल. सांगणाऱ्याचे नाव, वस्ती, तारीख यांसह कथने उतरवून घ्यायची. तालुक्याच्या नियतकालिकात किंवा महाविद्यालयाच्या वार्षिकात ती छापून आणायची, एकमेकांना छेद देणारी असली तर शेजारी शेजारी. मग पानावर ‘अमुकांच्या कथनानुसार’ असे लिहिता येईल. प्रताधिकार संपलेली जुनी पुस्तके विकिस्रोतावर चढवून त्यांचे मुद्रितशोधन करणे हेही असेच कंटाळवाणे, पण पक्के काम. नवे पान उघडून पाच मथळे टाकायला पाच मिनिटे लागतात, त्यात मौज आहे, संख्याही वाढते. मी स्वतः अशी पाने केली आहेत.

विहिरीची आता तीन कथने माझ्या वहीत आहेत. तिसरे आमच्याच भावकीतल्या एका काकांचे. ते म्हणतात, पणजोबांनी पैसा दिला तो कर्जाऊ, आणि पुढे गावकऱ्यांकडून वसूलही केला. हे छापायला द्यायचे म्हटल्यावर घरात दोन दिवस बोलणे बंद होते. म्हातारीने मात्र आपले नाव पूर्ण घालायला सांगितले, वडिलांच्या नावासकट. विकिपीडियावरचे पान अजून तसेच आहे : हवामान, तीन ऋतू, आणि खाली मोकळी जागा.