तालमीच्या दारातील राजा

सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीचे निधन झाले, त्या आठवड्यात दहिसरच्या आमच्या धर्मग्रामातील काही तरुण मिस्सेनंतर आवारात बोलत उभे होते. त्यांच्यापैकी एकाने विचारले, ‘‘सत्तर वर्षे ही बाई गादीवर होती, पण तिने केले काय? कायदे संसदेने केले, कारभार मंत्र्यांनी पाहिला. मग राणी कशाला?’’ प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, प्रामाणिक होता. त्याचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. पुढे एके दिवशी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचीत असताना ते उत्तर अनपेक्षितपणे हाती लागले. ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राजेराण्या आपल्याला परक्या नाहीत. मंडपेश्वरच्या लेण्यांलगत सोळाव्या शतकातील चर्चचे जे भग्नावशेष आपण जाता-येता पाहतो, ते चर्च पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाने उभे राहिले होते. आपल्यापैकी अनेक जण स्वतःला ज्या नावाने ओळखतात त्या ‘ईस्ट इंडियन’ समाजाची संघटना १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात स्थापन झाली. पोर्तुगालचा राजा हुकूम देणारा होता. व्हिक्टोरिया मात्र, निदान तिच्या स्वतःच्या देशात, मंत्र्यांच्या सल्ल्याने वागणारी राणी होती. वॉल्टर बॅजट या इंग्रज लेखकाने १८६७ साली अशा राजाचे तीन हक्क सांगितले आहेत : त्याचा सल्ला घेतला जावा, त्याने उत्तेजन द्यावे आणि त्याने इशारा द्यावा. या तिन्हींत आज्ञा करण्याचा हक्क नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. अशा राजेपणाचा एक धाडसी प्रयोग आपल्या मराठी मुलुखात, सातारा-सांगलीच्या माणदेशी माळरानावर झाला, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते.

तो प्रयोग औंध संस्थानचा. सुमारे पाचशे चौरस मैलांचे हे लहानसे संस्थान सलग नव्हते. त्याचे तुकडे विखुरलेले होते. त्यांतला आटपाडीचा भाग म्हणजे पाऊस जेमतेम पडणारा मेंढपाळांचा प्रदेश. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे निस्सीम प्रचारक होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनी १९१० मध्ये कुंडलजवळ माळरानाची जमीन दिली. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांना त्यांनी औंधात आश्रय दिला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्याला त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत हातभार लावला. पण या सर्व गोष्टी गुणग्राहक राजाच्या आहेत, आणि गुणग्राहक राजे आपल्याकडे इतरही झाले. बाळासाहेबांचे वेगळेपण यापुढचे आहे.

१९३८ च्या अखेरीस, वयाची सत्तरी गाठलेल्या या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले ज्यू अभियंते यांनी गांधीजींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार केली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावाने आपले पाच पंच निवडायचे, गावांच्या प्रतिनिधींतून तालुक्याची आणि तालुक्यांतून राज्याची सभा बनायची. महसुलाचा मोठा हिस्सा खालीच खर्च व्हायचा. साधे खटले गावातच मिटायचे. राजाने स्वतःचा खर्च आवरायचा आणि प्रजेचा पहिला सेवक व तिची सदसद्विवेकबुद्धी म्हणून राहायचे, अशी त्यामागची कल्पना होती. मतदानाला साक्षरतेची अट होती. तिच्यामागे गांधीजींचा आग्रह होता. ती अट आज आपल्याला खटकते. तिच्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

या राज्यातील अनुभवातून आपल्या परिचयाच्या दोन मोठ्या कलाकृती निर्माण झाल्या, आणि दोहोंच्या मागे एकाच घरातील दोन भाऊ आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली काढला. याच विषयावरचे तिसरे पुस्तक म्हणजे अप्पासाहेब पंतांनी वडिलांविषयी इंग्रजीत लिहिलेले ‘ॲन अनयूज्वल राजा’. ते १९८९ साली प्रसिद्ध झाले. एकाच राजाकडे ही तिघे तीन वेगवेगळ्या अंतरांवरून पाहतात, आणि माझ्या मते सर्वांत खरे दर्शन सर्वांत दूर उभ्या असलेल्या माणसाला झाले आहे.

‘बनगरवाडी’चे कथानक सर्वांना ठाऊक आहे. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर औंध संस्थानची नोकरी धरून धनगरांच्या एका वाडीवर येतो. शाळा ओस पडलेली आहे. म्हातारा कारभारी त्याला आधार देतो. हळूहळू पोरे जमतात, वाडी मास्तराला आपला मानू लागते, आणि त्याच्या पुढाकाराने गाव श्रमदानाने एक तालीम बांधते. तिच्या उद्घाटनाला खुद्द राजा येतो. पुढे दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी उठते आणि मास्तरही तिचा निरोप घेतो.

समीक्षकांनी या कादंबरीचे कौतुक बहुधा प्रादेशिक चित्रणासाठी केले आहे. माणसांपेक्षा वाडी हीच तिची नायिका, हे मतही सर्वमान्य आहे. या कौतुकात राजाच्या भेटीचा प्रसंग मात्र एक देखणी मिरवणूक म्हणून बाजूला राहतो. मला तो कादंबरीचा मध्यबिंदू वाटतो. राजा येथे काय करतो, ते पाहावे. तो तालीम बांधीत नाही. ती लोकांनी बांधलेली आहे. त्याने ती बांधण्याचा हुकूमही दिलेला नाही. तो येतो, लोकांनी केलेले काम आपल्या डोळ्यांनी पाहतो, आपल्या येण्याने त्या कामाला प्रतिष्ठा देतो आणि निघून जातो. सारी वाडी त्या एका दिवसासाठी स्वतःला सावरते, एकत्र येते, आपण काही केले याचा तिला अभिमान वाटतो. बॅजटने सांगितलेला ‘उत्तेजन देण्याचा हक्क’ प्रत्यक्षात कसा दिसतो, हे यापेक्षा नेमके मी कोठे वाचलेले नाही. धर्मग्रामातल्या त्या तरुणाला हेच उत्तर द्यायला हवे होते : राणीने काय केले, हा प्रश्न अर्धा आहे; तिच्या येण्याने इतरांना काय करावेसे वाटले, हा उरलेला अर्धा.

यावर एक आक्षेप संभवतो. वाडीला वाटणारा राजाचा दबदबा ही सरंजामी मनाची खूण नव्हे काय? बाळासाहेबांना व्यायामाचे वेड होते. तेव्हा तालीम उभारण्यात राजाची मर्जी राखण्याचा भाग नसेल काय? आक्षेप खोटा नाही. माडगूळकरांनी तो दबदबा लपविलेला नाही. पण त्याची आरतीही केलेली नाही. ज्या लेखकाला राजाचे स्तोत्र गायचे असते तो राजाच्या आगमनावर पुस्तक संपवितो. माडगूळकरांनी राजानंतर दुष्काळ आणला आहे. ज्या वाडीने राजाचे स्वागत केले तीच वाडी पावसाअभावी रिकामी होते आणि राजाचे येणे तिला वाचवू शकत नाही. प्रतिष्ठा आणि पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राजा त्यांपैकी पहिलीच देऊ शकतो, हे सत्य लेखक एका शब्दाचेही भाष्य न करता आपल्यापुढे ठेवतो.

आता साक्षरतेच्या अटीकडे वळू. कादंबरीत राज्यघटनेची चर्चा नाही. वाडीचा कारभार वयाने आणि शब्दाच्या वजनाने मोठ्या असलेल्या कारभाऱ्याभोवती फिरतो. पण घटना शेजारी ठेवून वाचले की मास्तराची जागा एकदम बदलते. ज्या राज्यात अक्षरओळख हीच मताची किल्ली ठरली, त्या राज्यात धनगराच्या पोराला अक्षर शिकविणारा मास्तर हा राजाच्या दानाचा खरा वाटेकरी होतो. राजाने कागदावर सत्ता दिली, तरी ती घेण्याजोगे हात मास्तरानेच तयार करायचे होते. आणि त्या हातांतली पाटी दुष्काळाने हिसकावून घेतली. औंधच्या प्रयोगाचे मोठेपण आणि त्याची दुबळी बाजू या दोन्ही गोष्टी ‘बनगरवाडी’त अशा एका शाळेत एकत्र आल्या आहेत.

‘दो आँखें बारह हाथ’ची गोष्ट वेगळी आहे. सहा खुनी कैद्यांना भिंतीबाहेर शेतावर ठेवून माणसात आणू पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ती कथा. तिच्यामागे औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘स्वतंत्रपूर’ या खुल्या तुरुंगाचा प्रत्यक्ष प्रयोग आहे, आणि त्यात फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. बर्लिनच्या १९५८ च्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वलाबरोबर आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार लाभला. त्यातील प्रार्थना आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली. परंतु या चित्रपटात राजा कोठेच नाही. सगळे श्रेय एका आदर्श अधिकाऱ्याकडे जाते, आणि त्याच्या हौतात्म्याने कथा डोळे ओले करून संपते. चित्रपट म्हणून हे परिणामकारक आहे. पण एखाद्या चांगल्या माणसाला चांगले वागता यावे म्हणून वर बसलेल्या दुसऱ्या कोणी आधी आपला हात आखडता घ्यावा लागतो, ही गोष्ट त्यात निसटते. स्वतंत्रपूरला कुलूप नव्हते, याचे कारण औंधच्या राजाने आधी स्वतःच्या सत्तेचे कुलूप काढले होते.

अप्पासाहेबांच्या पुस्तकात याच्या उलट दोष आहे. मुलाच्या प्रेमळ नजरेतून वडील उभे राहतात. माणूस म्हणून बाळासाहेब कसे होते हे त्यातून कळते आणि ते मोलाचे आहे. पण पुस्तक वाड्यातून लिहिलेले आहे. पंचायतीच्या पारावर बसलेल्या माणसाला ही नवी सत्ता हातात आल्यावर काय वाटले, हे वाड्याच्या सज्जातून ऐकू येणे अवघड असते. तेथे आपल्याला पुन्हा माडगूळकरांकडेच यावे लागते.

राजाने प्रजेची सदसद्विवेकबुद्धी व्हावे, ही कल्पना बोलायला सोपी आहे. बेल्जियमचे कॅथोलिक राजे बोदुएँ यांना तिची किंमत एप्रिल १९९० मध्ये मोजावी लागली. संसदेने संमत केलेल्या गर्भपाताच्या कायद्यावर सही करणे त्यांच्या मनाला पटेना. लोकांचा निर्णय अडविणेही त्यांना मान्य नव्हते. शेवटी मंत्रिमंडळाने राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचे जाहीर केले, मंत्र्यांनी कायदा जारी केला, आणि लगेच संसदेने राजाला पुन्हा गादीवर बसविले. काहींना ही पळवाट वाटली, काहींना साक्ष. मला त्यातून एवढेच दिसते की, सत्ता नसलेल्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी इतरांना बांधून ठेवू शकत नाही. ती फक्त सर्वांना दिसेल अशी उभी राहू शकते. बोदुएँ यांनी बाजूला होऊन ती दाखविली. बाळासाहेबांनी राज्यच वाटून देऊन.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि नऊ वर्षांचा तो प्रयोग संपला. बाळासाहेब १९५१ साली वारले. संस्थानाच्या खुणा आज औंधच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. पण ज्याला त्या प्रयोगाचा अर्थ हवा असेल त्याने ‘बनगरवाडी’ हाती घ्यावी.

गादी प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पण दहिसरच्या गावठाणातील घराघरांत, आपल्या संस्थांत, आपल्या पतपेढ्यांत आणि मंडळांत किल्ल्या कमरेला लावून बसलेली वडीलधारी माणसे आहेत. मीही आता त्यांच्यात मोडतो. मुलांनी कारभार हाती घेतला की आपल्याला काही काम उरणार नाही, या भीतीने आपण किल्ल्या सोडीत नाही. माडगूळकरांचा राजा आपल्याला सांगतो की, किल्ल्या दिल्यावरही एक काम उरते, आणि ते लहान नाही : मुलांनी बांधलेल्या तालमीच्या दारात वेळेवर पोहोचायचे, त्यांचे काम डोळे भरून पाहायचे, आणि मग मुक्काम न ठोकता परत फिरायचे.