घराचें माप आणि घराचें मोल

थोर पुरुषाचें चरित्र लिहिणें कठीण खरें. परंतु जुन्या घराचें चरित्र लिहिणें त्याहूनहि कठीण, असें आमचें मत आहे. माणूस पत्रें व रोजनिशी मागें ठेवतो. घर केवळ लांकूड, विटा आणि खिळे ठेवतें. अमेरिकेंतील ग्रामीण शेतघरांची नोंद करण्याचे दोन प्रयत्न एकाच दशकांत झाले. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिला प्रयत्न सरकारी. महामंदीच्या काळांत, १९३३ सालीं, चार्ल्स पीटर्सन या वास्तुविशारदाच्या सूचनेवरून तेथील राष्ट्रीय उद्यान खात्यानें ऐतिहासिक इमारतींची पाहणी आरंभिली. बेकार झालेल्या सुमारें १००० वास्तुविशारदांस काम द्यावें, अशी मूळ योजना होती. मोजून काढलेले नकाशे, छायाचित्रें व लेखी इतिहास अशी ही त्रिविध नोंद वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत जतन केलेली आहे. मॅसॅच्युसेट्समधील डेडहॅम येथील फेअरबँक्स घराचा तींत समावेश आहे. लांकडांतील वलयांवरून हें घर १६३७ ते १६४१ च्या सुमाराचें ठरतें. मधोमध विटांचें प्रचंड धुराडें, भोंवतीं ओकच्या तुळयांचा सांगाडा आणि दोन्ही अंगांस मागाहून जोडलेले भाग, अशी त्याची रचना आहे. अशा घराचा नकाशा चोख असला म्हणजे आजानें काय बांधलें व नातवानें काय जोडलें, हें एकाहि विशेषणावांचून कळतें.

दुसरा प्रयत्न साहित्यिकाचा. १९३६ च्या उन्हाळ्यांत लेखक जेम्स एजी व छायाचित्रकार वॉकर इव्हान्स हे अलाबामांतील कापूस पिकविणाऱ्या तीन गरीब कुळांच्या घरीं गेले. त्यांतून १९४१ सालीं 'लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन' हा ग्रंथ निघाला. इव्हान्सचीं छायाचित्रें आरंभींच, एका शब्दाच्याहि परिचयाशिवाय, छापलीं आहेत. एजीनें मात्र फळ्या, छप्पर, खणांतील वस्तु, इतकेंच नव्हे तर घराचा वाससुद्धां नोंदला आहे. प्रथम वाचला तेव्हां आम्हीं हा ग्रंथ अर्ध्यावर मिटून ठेवला होता. लेखक वारंवार घराच्या दारांत आडवा उभा राहतो व स्वतःच्या अपराधाची कबुली देत बसतो, त्याचा आम्हांस कंटाळा आला. हा दोष आजहि आम्हांस दोषच वाटतो.

परंतु पुन्हां वाचतांना एक गोष्ट ध्यानांत आली. एजीचीं उत्तम पानें तींच, जेथें तो नकाशा काढणाऱ्यासारखा वागतो, फळी न् फळी पाहतो आणि छाती बडवून घेत नाहीं. उलट, नकाशाचें मोठें मोलहि त्याच्या इमानांतच आहे. ओबडधोबड जोडकाम तो सुबक करून दाखवीत नाहीं.

मग उणें कोठें राहतें? फेअरबँक्स घरांत एकाच कुळाच्या पिढ्यामागून पिढ्या नांदल्या. तें त्यांचें स्वतःचें होतें. अलाबामांतील कुळाचें घर जमीनमालकाचें होतें. ज्याला ग्रंथांत गजर हें नांव दिलें आहे, त्या कुळास अर्धें पीकहि मालकास द्यावें लागे. भिंतीची जाडी फुटपट्टी सांगेल. त्या भिंतीआड राहणारा कोणाच्या मर्जीनें राहतो, हें ती सांगणार नाहीं. शिवाय केवळ प्राचीनतेची कसोटी लाविली, तर त्या पाईनच्या घराकडे कोणी फुटपट्टी घेऊन फिरकलेंहि नसतें. एजीनें तें नोंदण्याजोगें मानिलें, हीच त्याची खरी कामगिरी.

१९४१ सालीं या ग्रंथाच्या कांहीं शेंकडाच प्रती खपल्या. १९६० सालीं तो पुन्हां निघाला व त्यास वाचक लाभले, तेव्हां एजी मरून पांच वर्षें झालीं होतीं. करुणेनें मोजमाप सोडूं नये आणि मोजमापानें माणूस विसरूं नये, एवढा धडा या दोन नोंदींपासून आम्ही घेतों. जें घर आपण नीट मोजलें नाहीं, त्याविषयीं हळहळण्याचा अधिकारहि आपणांस पुरता मिळत नाहीं.