येणार, येईल, येणार होता : आगामी व्हिडिओ गेमच्या वार्तांची भाषा

व्हिडिओ गेम हा विषय विद्यापीठीय समीक्षेच्या कक्षेत अद्याप पुरता आलेला नाही. आणि जेथे तो आला आहे तेथे विचार होतो तो प्रसिद्ध झालेल्या खेळांचा. परंतु या खेळांविषयी जो मजकूर नित्य लिहिला व वाचला जातो, त्याचा फार मोठा भाग अजून कोणाच्याही हाती न पडलेल्या खेळांविषयी असतो. अमुक खेळाची घोषणा झाली, त्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली, तो अमुक महिन्यात प्लेस्टेशनवर वा एक्सबॉक्सवर येणार, त्याची तारीख पुढे गेली, अशा या वार्ता असतात. त्यांच्या जोडीला निमंत्रित लेखकांनी तासभर खेळून लिहिलेले पूर्वपरिचय असतात. या दोहोंचा मिळून आता एक स्वतंत्र लेखनप्रकार सिद्ध झाला आहे, आणि लेखनप्रकार म्हटला की त्याची भाषा, त्याचे संकेत आणि त्याची जबाबदारी यांचा विचार क्रमप्राप्त होतो.

हा वाचक कोण, हे प्रथम पाहिले पाहिजे. मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे लागतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. मुंबईत नोकरीला वा शिक्षणाला जाणाऱ्या येथील तरुणाच्या दिवसातील काही तास गाडीतच जातात. कन्सोल हे यंत्र घरच्या दूरदर्शन संचाला जोडलेले असते. त्याविषयीचा मजकूर मात्र हातातल्या फोनवर, उभ्याउभ्याने, गर्दीत वाचता येतो. साहजिकच अशा वाचकाचे खेळणे थोडे आणि खेळांविषयीचे वाचणे पुष्कळ असे प्रमाण पडते. जो खेळ विकत घेण्यास महिनोन् महिने पैसे साठवावे लागतात, त्याच्या बातमीवर तो तितकेच महिने जगत असतो. म्हणून बातमीतील क्रियापदाचे रूप ही त्याच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नव्हे.

मराठी क्रियापदाजवळ भावी घटना सांगण्याची एकाहून अधिक साधने आहेत. 'खेळ येईल' या वाक्यातील '-ईल' या प्रत्ययात भविष्याबरोबरच अनुमानाची छटा आहे. 'तो आता घरी असेल' या वाक्यात तर भविष्य मुळीच नाही, केवळ तर्क आहे. 'खेळ येणार' यात योजना व निश्चय सूचित होतो. 'येणार आहे' असे म्हटले म्हणजे त्या निश्चयाला 'आहे' या वर्तमानकाळी क्रियापदाचा आधार मिळतो आणि भावी गोष्ट जणू आजचीच वस्तुस्थिती ठरते. 'येऊ घातला आहे' यात घटना उंबरठ्याशी आल्याची जाणीव आहे. 'येत आहे' हे रूप नाटकांच्या व चित्रपटांच्या जाहिरातींनी रूढ केले. त्यात काळाचा हिशेब जवळजवळ पुसलाच जातो. या सर्वांच्या पलीकडे 'येणार होता' हे रूप आहे. ते भूतकाळातील एका भविष्याची नोंद ठेवते आणि ते भविष्य घडले नाही हेही सुचविते.

याखेरीज मराठीत 'म्हणे' हा एक छोटासा शब्द आहे. 'तो खेळ म्हणे दिवाळीत येणार' असे कोणी बोलला, की बोलणाऱ्याने ही गोष्ट स्वतः पाहिलेली नाही, ती ऐकीव आहे आणि तिची हमी तो देत नाही, एवढे सर्व त्या एका शब्दात आले. घराघरांत वापरला जाणारा हा शब्द लिखित वार्तेत आला की बोलभाषेतला म्हणून गाळला जातो. त्याच्या जागी 'असे कंपनीचे म्हणणे आहे' हा भारदस्त पर्याय येऊ शकतो. परंतु जागा वाचविण्याच्या घाईत तोही जातो, आणि उरते ते उघडे 'येणार'. कंपनीचे विधान अशा रीतीने बातमीदाराचे विधान बनते. विक्रेत्याच्या आशेला साक्षीदाराच्या शब्दाचे वजन प्राप्त होते. या लेखनप्रकाराचा मूळ दोष अज्ञानात किंवा अप्रामाणिकपणात शोधण्याचे कारण नाही. तो या लोपात आहे.

या लोपाचे परिणाम किती दूरवर जातात याचे ठळक उदाहरण म्हणजे पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ. त्याची घोषणा २०१२ साली झाली. २०१९ च्या जूनमध्ये १६ एप्रिल २०२० ही तारीख जाहीर झाली. पुढे ती १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर आणि अखेर १० डिसेंबर अशी सरकत गेली. यांपैकी शेवटचा बदल तर खेळ पूर्ण होऊन मुद्रणास सिद्ध असल्याचे सांगितल्यानंतरचा आहे. प्रसिद्धीपूर्वी परीक्षकांना खेळ मिळाला तो संगणकावरील आवृत्तीत, आणि त्यांनी दाखवायची दृश्ये संस्थेने पुरविलेलीच असावीत असा निर्बंध होता. कन्सोलवरील आवृत्ती तोवर बाहेरच्या परीक्षकांच्या हाती आलेली नव्हती. तथापि आगाऊ मागणी ८० लाखांवर गेली होती. जुन्या कन्सोलवर खेळ इतका सदोष निघाला की सोनी कंपनीने तो डिसेंबर २०२० मध्येच आपल्या दुकानातून काढून घेतला. तो परत आला जून २०२१ मध्ये. पुढे सुधारणा होत होत २०२३ पर्यंत या खेळाचे रूप पालटले आणि त्याची वाखाणणीही झाली, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु ज्याने २०२० साली पैसे मोजले त्याला २०२३ चा खेळ मिळालेला नव्हता. 'बाजारात तुरी' या म्हणीतील भटाने निदान भटणीशीच भांडण केले. येथे तुरी शेतात असतानाच त्यांची किंमत वसूल झाली होती.

तारखांची ही घसरण अपवादात्मक नाही. रॉकस्टारच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' ची पहिली चित्रफीत डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा २०२५ हे साल सांगितले गेले. मे २०२५ मध्ये २६ मे २०२६ ही तारीख देण्यात आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली. ऑस्ट्रेलियातील टीम चेरीच्या 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' ची घोषणा फेब्रुवारी २०१९ मधली. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात, दाखविलेले सर्व खेळ बारा महिन्यांच्या आत खेळता येतील असे सांगण्यात आले आणि त्यांत हाही होता. प्रत्यक्षात तो ४ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. खेळ रचण्याचे काम दीर्घ व अनिश्चित असते. तारीख चुकणे हा निर्मात्याचा गुन्हा म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो नोंदीचा. प्रत्येक नव्या तारखेच्या वेळी वार्ता पुन्हा नव्या उमेदीने 'येणार' लिहिते. 'येणार होता' हे रूप फार तर एका वाक्यापुरते येते, आणि पुढच्या वार्तेत तेही नसते. ज्या लेखनप्रकाराला 'येणार होता' या रूपाची सर्वाधिक गरज, त्यानेच ते सर्वात कमी वापरावे हा विरोधाभास लक्षणीय आहे. स्मृतीवाचून विश्वासार्हता उत्पन्न होत नाही.

येथील वाचकाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. घोषणेतील 'जग' या शब्दात तो स्वतः आहे की नाही हे त्याला कळत नाही. प्लेस्टेशन ५ हे यंत्र १२ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिका, जपान इत्यादी देशांत आणि १९ नोव्हेंबरला 'उर्वरित जगात' येणार असे जाहीर झाले होते. भारतात ते आले २ फेब्रुवारी २०२१ रोजी. तबकडी चालणाऱ्या यंत्राची किंमत होती ४९,९९० रुपये. १२ जानेवारीला आगाऊ नोंदणी खुली झाली आणि यंत्रे काही मिनिटांतच संपली. मूळ घोषणा शब्दशः मराठीत उतरविणाऱ्याने भाषांतर बिनचूक केले असेल. परंतु बदलापूरच्या वाचकापुरते ते वाक्य असत्य ठरले. स्थळ बदलले की विधानाचा खरेखोटेपणाही बदलतो, ही भाषाशास्त्राला परिचित असलेली गोष्ट वार्तेच्या भाषांतरात मात्र विसरली जाते.

उल्हासनगरच्या अनुभवाशी हा विषय ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांची ही वसाहत. तिला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. येथील मालावरील 'मेड इन यूएसए' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावण्याचा विनोद महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. विनोदातला उपहास बाजूला ठेवला तर त्यात एक शहाणपण दिसते : चिठ्ठी काहीही सांगो, ग्राहकाने वस्तू उलटून पाहावी. १९९० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जे स्वस्त 'टीव्ही गेम' आले, त्यांच्या कॅसेटवर हजारो खेळ असल्याचे छापलेले असे आणि आत थोडेच खेळ नावे व आकडे बदलून पुन्हा पुन्हा येत. ती अतिशयोक्ती त्याच संध्याकाळी उघडी पडे. कारण वस्तू हातात होती. पूर्वपरिचयाच्या बाबतीत उलटून पाहण्यास वस्तूच नसते. खोटी चिठ्ठी लावणाऱ्या दुकानदारापेक्षा केवळ चिठ्ठीच विकणाऱ्याला अधिक कठोर प्रश्न विचारले पाहिजेत, हा निष्कर्ष त्यातून निघतो.

या शहरांत मराठी, हिंदी आणि सिंधी या भाषा शेजारी शेजारी नांदतात, हीही गोष्ट येथे उपयोगी पडते. एकाच इंग्रजी घोषणेचे हिंदीत 'आएगा' किंवा 'आने वाला है' होते, सिंधीत 'ईंदो' होते आणि मराठीत वर सांगितलेल्या रूपांपैकी एक निवडावे लागते. ही निवड भाषांतरकार करतो, मूळ घोषणा करीत नाही. तेव्हा खात्रीचे प्रमाण ठरविण्याचे काम न कळत त्याच्याकडे येते. ते त्याने जाणीवपूर्वक करावे एवढीच अपेक्षा आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की वाट पाहण्यातही आनंद असतो आणि तो वाचकाकडून हिरावून घेऊ नये. आक्षेप रास्त आहे. नाट्यरसिकाला शुभारंभाच्या प्रयोगाची जाहिरात वाचतानाही आनंद होतोच. परंतु मराठी रंगभूमीने जाहिरात आणि परीक्षण यांतील रेषा सहसा ओलांडलेली नाही. रंगीत तालीम पाहून आलेल्याने नाटकाचे मूल्यमापन करावे, असे येथे कोणी मानले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पूर्वपरिचय नसेल तर लहान निर्मात्याकडे कोण पाहील? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ याचे उत्तम उदाहरण होय. २०१७ साली त्यासाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागण्यात आली, ती अपेक्षित रकमेपर्यंत पोचली नाही. काम मात्र चालू राहिले. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या कार्यक्रमात हा खेळ झळकला आणि त्याच दिवशी स्विच या यंत्रावर उपलब्धही झाला. ऑक्टोबरमध्ये तो इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. अशा निर्मात्यांना आगाऊ प्रसिद्धीची गरज असते यात शंका नाही. परंतु त्यांना खरी मदत होते ती तपशिलाने. काय दाखविले, कोणी किती वेळ खेळून पाहिले, काय अजून रचायचे आहे, हे स्पष्ट सांगणारा मजकूर लहान निर्मात्याचे नुकसान करीत नाही. सर्वच खेळांना सारखेच 'बहुप्रतीक्षित' म्हणणारा मजकूर मात्र ज्याच्या जाहिरातीचा आवाज मोठा त्याच्याच पथ्यावर पडतो.

या विवेचनावरून आगामी खेळांच्या वार्तेचे मूल्यमापन करण्यास तीन कसोट्या सुचतात. विधान कोणाचे, हे वाक्यातच स्पष्ट असावे : पाहिलेले, खेळलेले आणि ऐकलेले यांची क्रियापदे निराळी असावीत. पूर्वीच्या तारखा नव्या तारखेशेजारी नोंदलेल्या असाव्यात. आणि घोषणा कोणत्या यंत्राविषयी व कोणत्या देशाविषयी आहे, हे येथील वाचकाच्या जागेवरून पाहून लिहिलेले असावे. या तिन्ही कसोट्यांना लागणारी साधनसामग्री मराठीत पूर्वीपासून सिद्ध आहे; 'म्हणे' आणि 'येणार होता' ही रूपे कोणाकडून उसनी घ्यावी लागत नाहीत. बदलापूरच्या गाडीत उभा असलेला वाचक रोजच्या बोलण्यात ती अचूक वापरतो. त्याच्यासाठी लिहिणाऱ्यांनी ती लेखणीतून गाळली, तर भाषेची हानी फारशी होणार नाही, तिच्याजवळ ती रूपे राहतीलच. हानी होईल ती त्या वाचकाच्या पैशाची आणि छापील शब्दावरील त्याच्या विश्वासाची.